आर ड्राइव्हमधली कच्ची वही

मार्चअखेर आली की सांगलीच्या मार्केट यार्डातनं मला रोज फोन येतात आणि सगळ्यांची तक्रार एकच असते: मशीन लई स्लो झालंय.

त्या दिवशीचा फोन हळदीच्या एका अडत दुकानातला. दिवाणजी म्हणाले, "सकाळी नवाला रिइंडेक्स लावलंय वो, अजून तिसऱ्याच फायलीवर बसलंय. शेठ संध्याकाळी ताळेबंद मागणार. या की जरा."

तिथला हिशोबाचा प्रोग्रॅम जुना, फॉक्सप्रो या डॉसच्या जमान्यातल्या डेटाबेसच्या भाषेत लिहिलेला. लिहिणारा केव्हाच गाव सोडून गेला. त्या प्रोग्रॅमपायी अजून ३२ बिटचं विंडोज ७ जपून ठेवलेलं. कॅबिनेट उघडलं तर आत सगळं पिवळंधमक. पंख्याच्या पात्यांवर हळदीचा थर, मदरबोर्डावर हळद. रॅमचे पाय खोडरबरानं घासले तर रबरही पिवळा झाला. सोबत आणलेली २ जीबीची पट्टी लावून एकूण ४ जीबी केली. ३२ बिटचं विंडोज त्यातली तीनच्या आसपासच वापरतं, पण मला तेवढी पुरणार होती.

माझं निदान तयारच होतं. रिइंडेक्स म्हणजे नोंदी शोधायची सूची नव्यानं बांधणं, त्यासाठी हजारो बारीक वाचनं, कधी इथलं, कधी तिथलं. मिनिटाला ७२०० फेरे घेणाऱ्या हार्ड डिस्कला एका फेऱ्याला आठ मिलिसेकंद लागतात, वर वाचणारं हेड सरकवायचा वेळ वेगळा. सेकंदाला शंभरेक खेपा झाल्या तरी खूप. रॅममध्ये फिरणारं काहीच नाही. मग रॅममधलीच थोडी जागा डिस्क म्हणून का वापरू नये? विंडोजच्या आधी, डॉसच्या काळात, कॉन्फिग डॉट सिस या सेटिंगच्या फायलीत रॅमड्राइव्ह डॉट सिसची एक ओळ टाकून आम्ही हेच करायचो, तेही एकदोन एमबीत. आता इमडिस्क नावाचं फुकटचं साधन टाकलं, ५१२ एमबी साइज दिली, अक्षर 'आर' निवडलं आणि फॅट ३२ मध्ये फॉरमॅट केलं. माय कॉम्प्युटरमध्ये नवा ड्राइव्ह दिसायला लागला.

दिवाणजींना म्हटलं, "ही डिस्क दिसते, पण खरी न्हाई. मशीन बंद झालं की आतलं सगळं गेलं."

"म्हणजे कच्ची वही," ते म्हणाले. "मेळ लागला की पक्कीवर उतरवायचं."

कॉलेजच्या पोरांना रॅम शिकवताना मी फळा, टेबल, कपाट असले दाखले देत घसा कोरडा करतो. हे मला कधी सुचलं नव्हतं.

१८० एमबीचा डेटा डी ड्राइव्हवरनं आर ड्राइव्हवर घ्यायला लागलो. एका फायलीवर सातआठ मिनिटं गाडी अडली. डिस्कचा लाल दिवा न मिचकता पेटलेला, आतनं टक्... टक्. मी ते ऐकलं आणि सोडून दिलं. स्मार्टचा, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते तिचा, अहवाल बघायला दोन मिनिटं लागली असती. पण रॅमडिस्कची हौस अंगात आली होती, खोटं कशाला बोलू.

शेवटी कॉपी झाली. प्रोग्रॅमला आर ड्राइव्हचा पत्ता दिला, रिइंडेक्स लावलं आणि चहा सांगितला. चहा यायच्या आत काम संपलं. दिवाणजींनी लाल वही काढली, अडत, हमाली, तोलाईच्या बेरजा एकेक करून ताडल्या. पैशापर्यंत मेळ. "उतरवा पक्कीवर," म्हणाले आणि भडंगाची पुडी सोडली.

उतरवताना तिसऱ्याच फायलीवर एरर आली. परत केलं, परत एरर. मग डी ड्राइव्ह उघडेचना. तेव्हा कुठं स्मार्ट बघितलं. न वाचता येणारे सेक्टर शेकड्यांनी होते. प्रोग्रॅम संथ नव्हता, डिस्कच मरायला टेकली होती. आणि मी जुन्या फायलींवरच नव्या लिहायला घेतल्या होत्या, म्हणजे मूळ कॉपीही अर्धीमुर्धी मोडली. बॅकअपची सीडी दिवाळीची. अख्ख्या वर्षाचा हिशोब धड असा एकाच ठिकाणी उरला होता, कच्च्या वहीत.

रॅममधला प्रत्येक बिट साधारण ६४ मिलिसेकंदांत एकदा ताजा करावा लागतो, नाहीतर तो पुसट होतो. पुस्तकात वाचलेलं हे वाक्य त्या दुपारी मला पोटात जाणवलं. विंडोजही त्याच मरत्या डिस्कवर होतं. विंडोज कोसळून निळा स्क्रीन आला असता तर सगळंच संपलं असतं. तेवढ्यात एक हमाल पोरगं मोबाइलचा चार्जर घेऊन विजेच्या बोर्डाकडं वाकलं.

"ए! हात लावू नको!" दिवाणजी एवढ्यानं ओरडले की शेजारच्या दुकानातली माणसं बाहेर आली.

माझ्या पिशवीतला पेनड्राइव्ह लावला. कॉपी सुरू झाली आणि माउस थिजला. एक मिनिट. दोन मिनिटं. मी म्हटलं, "दिवाणजी, पक्की म्हणून जिच्यावर भरवसा ठेवला, तीच गेली बघा."

"हरिपूरची जमिनीतली पेवं पण पक्कीच हुती," ते वहीवरनं नजर न काढता म्हणाले. "वर्षानुवर्षं हळद टिकायची त्यात, किडा लागायचा न्हाई. २००५ ला कृष्णा आत शिरली."

माउस हलला. कॉपी पुरी झाली. एफसी या फायली ताडायच्या कमांडनं दोन्हीकडच्या फायली बिटाला बिट ताडल्या. मग पेनड्राइव्हवरनं डेटा लॅपटॉपवर घेतला आणि दिवाणजींना पुन्हा बेरजा दाखवल्या. तोवर त्यांनी मला मशीन बंद करू दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी नवी एसएसडी बसवली आणि बिल केलं: एसएसडी, रॅम, मजुरी. दिवाणजींनी चष्मा सरकवला. "त्या आर ड्राइव्हचं काय लावलं?"

"ते फुकट असतंय."

"मग शून्य लिवा. पण लिवा."

चौथी ओळ वाढवली: आर ड्राइव्ह, ०.