ड्रेरोसचा कायदा : वाचनाची चौथी नोंद

क्रीट बेटावरील ड्रेरोसच्या शिलालेखातील सुरुवातीचे शब्द या महिन्यात एकदाचे लागले. पूर्व क्रीटमध्ये, आजच्या नेआपोलीजवळ, दोन टेकड्यांमधल्या खिंडीत हे गाव वसले होते. १९३५ साली तेथील अपोलोच्या देवळात, लाकडी गाभ्यावर पत्रा ठोकून घडवलेल्या तीन कांस्यमूर्ती सापडल्या आणि त्यापाठोपाठ शेजारच्या पाण्याच्या टाक्यात देवळाच्या भिंतीचे कोरीव दगड मिळाले. त्यांतील एका दगडावर इ. स. पूर्व सातव्या शतकाच्या मध्याचा कायदा आहे : एकदा ‘कोस्मोस’ या अधिकारपदावर राहिलेल्या माणसाने दहा वर्षे ते पद पुन्हा घेऊ नये, घेतल्यास त्याने दिलेल्या निवाड्यांबद्दल दुप्पट दंड भरावा आणि तो जन्मभर पदास अपात्र ठरावा.

लेखाची सुरुवात उजवीकडून डावीकडे होते आणि शब्दांमध्ये उभी रेघ येते, जी पाहताना आपल्या श्लोकांतला दंड (।) आठवल्यावाचून राहत नाही. छायाचित्रावरून आलेखाच्या कागदावर अक्षरे उतरवताना तिसरा शब्द मी ‘पोल्स’ असा वाचला आणि कोरणाऱ्याकडून ‘इ’ गळला असावा असे धरून चाललो. चूक माझी होती. जुन्या क्रीटमध्ये ‘इ’चे अक्षर नागमोडी काढत (तेच मी ‘स’ समजलो), तर ‘स’साठी इंग्रजी एमसारखे निराळेच अक्षर वापरत. म्हणजे शब्द ‘पोली’, अर्थ ‘नगराला’. आता ‘आद एवादे पोली’ हे वाक्य सरळ जुळले : नगराला असे रुचले.

या ‘एवादे’पाशी मी दोन संध्याकाळी थांबलो. त्यातील ‘व’साठी दिगम्मा हे जुने ग्रीक अक्षर कोरले आहे, जे अथेन्सच्या ग्रीकमधून नाहीसे झाले. हे क्रियापद आणि आपला ‘स्वाद’ एकाच मुळाचे आहेत. मराठीतही जेवण रुचते आणि निर्णयही रुचतो, त्यामुळे भाषांतरासाठी दुसरा शब्द शोधावाच लागला नाही. पुढे ‘देका वेतिओन’, म्हणजे दहा वर्षांचे, यातही तोच दिगम्मा आहे आणि त्याचा नातलग आपला ‘वत्सर’. अथेन्सच्या पाठावर ग्रीक शिकलेल्या मला हा ‘व’ दगडावर प्रत्यक्ष दिसला, तेव्हा फार आनंद झाला.

पुढील काम या कायद्याची शपथ घेणाऱ्यांच्या यादीचे : कोस्मोस, दामिओई नावाचे अधिकारी आणि ‘नगराचे वीस’ जण. त्या अक्षरांचे रेखाटन सुरू केले आहे, मात्र या वेळी प्रत्येक नागमोडी रेघ दोनदा तपासूनच पुढे जात आहे.