डावा हात, आठवडा 11: शिरोरेषा अखेर सरळ

लिहिणं आणि घरातली कामं डाव्या हाताने करायला शिकते आहे, त्याचा हा अकरावा आठवडा. मंगळवारी रात्री ‘वर्तमानपत्र’ हा शब्द लिहिला आणि त्याच्यावरची रेघ सरळ आली. एका दमात, मध्ये पेन न उचलता. तो कागद फ्रीजवर लावला आहे आणि महिनाभर तरी काढणार नाही.

मागच्या नोंदीत रडगाणं होतं ते याच रेघेचं. अक्षरं सुधारत होती. क, म, न तर परक्या माणसालाही वाचता येतील असे झाले होते. व आणि ब यांची पोटं अजून चपटी येतात, पण ते चालेल. शिरोरेषा मात्र प्रत्येक शब्दावर कमानीसारखी वाकायची, मध्ये वर आणि शेवटी खाली. हातात ताकद कमी पडते असं समजून मी पाच आठवडे नुसती गिरवत बसले. दुरेघी वही संपली, कमान तशीच.

चूक ताकदीची नव्हती, दिशेची होती. उजव्या हाताने आपण रेघ डावीकडून उजवीकडे ओढतो. डाव्या हाताने तीच रेघ ढकलावी लागते, मग निब कागदात रुतते आणि बॉलपेन अडखळतं. त्यात माझं कोपर टेबलावर टेकलेलं. हात कोपराभोवती फिरणार, म्हणजे कमान होणारच.

आता शब्द लिहून झाला की पेन जिथे असतं त्या उजव्या टोकापासूनच रेघ डावीकडे ओढते. कोपर उचललेलं, कागदाचा माथा उजवीकडे कललेला, हात ओळीच्या खाली. हात खाली असला की ओल्या शाईवरून फिरत नाही, करंगळीची कड स्वच्छ राहते. चार अक्षरांपर्यंतचे शब्द आता दहापैकी आठ वेळा जमतात. लांब शब्दांत डावं टोक अजून खाली घसरतं.

पहिल्या आठवड्यापासून मला धीर देणारी गोष्ट म्हणजे गांधीजींचं ‘हिंद स्वराज’. नोव्हेंबर 1909 मध्ये लंडनहून दक्षिण आफ्रिकेला परतताना त्यांनी ते बोटीवर लिहिलं. उजवा हात दमला की डाव्याने, अशी हस्तलिखिताच्या 275 पानांपैकी 40 पानं डाव्या हाताची आहेत. काल अचानक लक्षात आलं, ते गुजरातीत लिहीत होते आणि गुजरातीला शिरोरेषाच नसते! म्हणजे हा प्रश्न आपला, देवनागरीवाल्यांचा.

आणि हे लिहितानाच मोडी लिपी आठवली, जुन्या मराठी कागदपत्रांतली. मोडीत आधी पानभर रेघ ओढून घेतात आणि मग तिला अक्षरं टांगतात. मग आपणही तसंच का करू नये? थांबा, करून बघते.

केलं. एकरेघी वहीची छापील रेघ हीच शिरोरेषा धरून तीन ओळी लिहिल्या. शब्दांमधली जागा दिसत नाही, त्यामुळे वाचायला त्रास होतो, पण अक्षरांची उंची पहिल्यांदाच एकसारखी आली. डोळ्याला वर आधार मिळाला की हात शांत होतो. त्यामुळे पुढचे दोन आठवडे बाराखडीऐवजी हेच.

पेनांबद्दल माझं मत पक्कं झालंय: शिकताना 2बी पेन्सिलच. ढकलली तरी ती अडत नाही. जेल पेन मुळीच नको, शाई वाळेपर्यंत हात पुढे पोचतो.

कात्रीने मात्र फसवलं. ‘डाव्या हातासाठी’ म्हणून ऑनलाइन मागवली, तर फक्त मुठी उलट्या बसवलेल्या, पाती उजव्या हाताचीच. अशा कात्रीवर डाव्या हाताचा दाब पडला की पाती एकमेकींपासून फाकतात, कागद कापला न जाता मध्ये दुमडतो. घेताना समोर धरून बघा: खऱ्या डाव्या कात्रीत वर येणारं पातं डावीकडे असतं.

घरातली खबर: दात घासणं, कुलूप उघडणं आता विचार न करता होतं. आमटी वाढणं तर पहिल्या दिवसापासून जमलं. जेवताना उजवा हात खरकटा, म्हणून डाव हातात घ्यायची सवय डाव्याला लहानपणापासूनच आहे. देवाला फूल वाहणं उजव्यानेच. आईला ते आवडणार नाही आणि मलाही नको आहे.

या आठवड्यात सुरी सुरू करणार होते. ती पुढे ढकलते. उद्या पुण्यातल्या अप्पा बळवंत चौकात, वह्या-पुस्तकांच्या बाजारात जाऊन दगडी पाटी मिळते का बघते. मोठ्या पाटीवर अख्खा खांदा हलवून रेघ ओढली, तर लांब शब्दांचं घसरणारं टोक सावरेल असं वाटतंय.