फिनिक्स तलाव आणि जन्मदाखल्यातला कोरा रकाना

ज्यांची मुलं 2000 सालाच्या आधी जन्मली आणि आता परदेशात नोकरीला आहेत, त्यांनी पुढचं वाचण्याआधी कपाटातला मुलाचा जन्मदाखला काढून बघावा. ‘बाळाचे नाव’ या रकान्यात काही लिहिलंय का? आमच्या लेकीच्या दाखल्यात तिथे नुसती आडवी रेघ होती. त्या रेघेपायी आमची जर्मनीवारी उन्हाळ्यातून सरकत सरकत पार दिवाळीच्या तोंडावर गेली.

लेक आणि जावई डॉर्टमुंडला असतात. माझी सगळी नोकरी नागपूरच्या हिंगणा एमआयडीसीत, कास्टिंगच्या कारखान्यात, मेल्टिंगवर. त्यामुळे लेकीने व्हिडिओ कॉलवर एक तलाव दाखवला आणि म्हणाली, “बाबा, इथे 2001 पर्यंत स्टील प्लांट होता,” तेव्हा मी तिला म्हटलं, गंमत करू नको. पाण्यात शिडाच्या होड्या, काठाने सायकली, कॅफेत माणसं. पण खरंच होतं ते. ह्योर्डे नावाचा डॉर्टमुंडचा भाग आहे, तिथे 1841 पासून लोखंडाचं काम चालायचं. प्लांट बंद पडला तेव्हा एका चिनी कंपनीने तो विकत घेतला. त्यांचीच माणसं आली, सगळं सुटं केलं आणि बोटीने चीनला घेऊन गेली. उरलेल्या जागेत खणून 24 हेक्टरचा तलाव केला, तोच हा फिनिक्स तलाव. 1 ऑक्टोबर 2010 ला पाणी भरायला घेतलं आणि पुढच्या मे महिन्यात लोकांना खुला केला. आपल्याकडे 1877 ची एम्प्रेस मिल गेली आणि मॉल आला, तेवढं मी बघितलंय. गिरणीच्या जागी तलाव मात्र बघायचाच होता. पॅरिस, स्वित्झर्लंड नंतर बघू, असं मी घरात जाहीर करून टाकलं. हिला ते फारसं पटलं नाही.

व्हिसाचं बाकी काही अवघड नाही. फॉर्म, फोटो, 30,000 युरोचा विमा, बँकेची स्टेटमेंट, आयकर रिटर्न, हे सगळं कोणीही जमवतो. जावयाने तिकडच्या कार्यालयात 29 युरो भरून आमच्या तिथल्या खर्चाचं हमीपत्र काढलं. त्याची मूळ प्रतच लागते, पीडीएफ चालत नाही, म्हणून ते कुरिअरने मागवलं. एक ध्यानात ठेवा: हमीपत्र काढल्यापासून सहा महिन्यांच्या आत व्हिसाचा अर्ज जायला हवा. म्हणजे इकडचे कागद हातात आल्याशिवाय तिकडे ते काढायची घाई करू नये. आमचं ते आधीच येऊन कपाटात बसलं होतं, आणि मी रोज कॅलेंडर बघत होतो.

अडलं ते नात्याच्या पुराव्यावर. लेकीच्या पासपोर्टवर आईचं नाव आहे, पण त्याचं स्पेलिंग एक आणि हिच्या पासपोर्टवरचं दुसरं. मग जन्मदाखला लावायचं ठरलं, आणि तो रकाना कोरा. त्या काळी हे सर्रास व्हायचं. जन्माची खबर 21 दिवसांत द्यायची असते. दवाखाना ती लगेच देऊन मोकळा व्हायचा आणि आपण नाव ठेवायचो बारशाला. नंतर जाऊन नाव चढवायचं असतं, हे कोणाच्या गावी नव्हतं. शाळेत प्रवेश मिळाला, दहावी झाली, पासपोर्ट झाला, कुठेच अडलं नाही.

पहिलं बाळंतपण माहेरी, त्यामुळे नोंद नागपुरात नाही. हिच्या माहेरचं तालुक्याचं गाव, तिथल्या कार्यालयात. गावाचं नाव घेत नाही, सासुरवाडी आहे. गणेशपेठच्या स्टँडवरून सकाळची एसटी धरायची, पोचेपर्यंत खिडकी उघडलेली असायची आणि आत कोणी नसायचं.

लाल कापडात बांधलेली नोंदवही पहिल्याच दिवशी निघाली, हे कबूल केलं पाहिजे. बाबूने पट्टी ठेवून एकेक ओळ खाली सरकवली आणि आमची ओळ सापडली. बापाचं नाव, आईचं नाव, ‘स्त्री’, वार, वेळ, सगळं निळ्या शाईत सुवाच्य. नावाच्या जागी रेघ. “हे नाही होत जी आता,” बाबू म्हणाला. “पंधरा वर्षांची मुदत असते. गेली.”

मुदत पंधरा वर्षांचीच असते, ते खोटं नाही. पण जुन्या नोंदींसाठी शासन वेळोवेळी मुदतवाढ देत आलंय, तेही खरं. ते पत्रक मी नागपुरात एका ओळखीच्या वकिलाकडून मिळवलं, छापून नेलं आणि खिडकीत सरकवलं. बाबूने ते उलटंपालटं करून बघितलं आणि म्हणाला, “आमच्याकडे हे आलं नाही.” मग साहेबांना विचारायचं ठरलं. साहेबांकडे शेजारच्या गावाचाही चार्ज, ते कोणत्या वारी कुठे असतात ते कोणालाच नक्की ठाऊक नाही. फोन करून जा म्हणतात लोक. फोन कोण उचलतं?

साहेब भेटले तेव्हा दोन मिनिटांत हो म्हणाले. पत्रक त्यांना माहीत होतं! म्हणजे इतके दिवस गेले ते खिडकी आणि केबिन यांच्यामधल्या दहा पावलांत.

मग बाबू म्हणाला, “मुलीला घेऊन या.”

“मुलगी जर्मनीत आहे. तिच्याकडे जायचं म्हणून तर दाखला पाहिजे.”

“मग ती आली की करू ना काका. घाई काय आहे?”

त्याच्या आवाजात चेष्टा नव्हती, हेच जास्त लागलं. आईवडील अर्ज करू शकतात. शाळा सोडल्याचा दाखला, तिचा पासपोर्ट, आमची आधार कार्डं आणि प्रतिज्ञापत्र एवढं लागतं. हे सगळं मी एका फायलीत घालून दोन-दोन झेरॉक्ससह नेलं होतं. तर प्रतिज्ञापत्र पाचशेच्या स्टॅम्पवर हवं म्हणे. शासकीय कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक शुल्क माफ आहे, साध्या कागदावर चालतं. तेही पत्रक मी पुढच्या खेपेला नेलं. ही म्हणाली, पाचशे रुपये देऊन टाका आणि सुटा. मी दिले नाहीत. तत्त्वाचा प्रश्न वगैरे काही नव्हता, मला फक्त त्या खिडकीपुढे हरायचं नव्हतं. तुम्हाला घाई असेल तर हिचं ऐका.

नाव चढलं. आता छापील दाखला, तर सर्व्हर डाऊन. सर्व्हर आला तर ऑपरेटर रजेवर. शेवटी दाखला हातात आला आणि मी चष्मा लावून इंग्रजी ओळ वाचली. आमची ऋतुजा शाळेपासून पासपोर्टपर्यंत ‘आर’ने सुरू होते, इथे तिच्यामागे ‘एच’ लावलेला. मराठीत अक्षर न् अक्षर बरोबर. मी तिथेच बाकावर बसलो आणि म्हटलं, आज हलणार नाही. त्या ऑपरेटर पोराने मात्र चहा मागवला, चूक त्याची त्याने दुरुस्त केली आणि साहेबांची सहीही आणून दिली. तेव्हा छापायच्या आधी स्क्रीनवर इंग्रजी स्पेलिंग दाखवायला सांगा, पासपोर्टची झेरॉक्स समोर धरूनच.

पुढचं सगळं सुरळीत. मुंबईची तारीख मिळाली, रात्रीची दुरांतो, सकाळी बोटांचे ठसे, संध्याकाळी परत. हमीपत्राची मुदत जेमतेम उरली होती.

आता तलाव. डॉर्टमुंडच्या मुख्य स्टेशनवरून यू-41 नंबरची गाडी थेट ह्योर्डेला सोडते, तिथून चालत पाण्यापाशी. तिकीट नाही, गेट नाही, पार्किंगवाला शिट्टी वाजवत नाही. पूर्ण फेरी तीन किलोमीटरच्या थोडी वर, सपाट रस्ता, गुडघेदुखीवाल्यांनाही जमेल. पण चालणाऱ्यांची वाट वेगळी आणि सायकलींची वेगळी. ही बोलता बोलता सायकलींच्या पट्ट्यात गेली आणि मागून घंट्यांचा पाऊस पडला. पोहायला बंदी आहे. वारा बोचरा, कानटोपी न्या. नागपूरच्या फुटाळा तलावावरच्या वाऱ्यावर विसंबून मी नुसता स्वेटर नेला होता. एका उतारावर चक्क छोटा द्राक्षमळाही केलाय. काठची नवी घरं मात्र पैसेवाल्यांची. कामगारांचं जुनं ह्योर्डे त्यांच्या मागे राहिलंय आणि तिथलीही भाडी वाढलीत, असं जावई सांगत होते.

माझं सगळं लक्ष पश्चिमेच्या टोकाला उभ्या असलेल्या थॉमस कन्व्हर्टरकडे, म्हणजे वितळलेल्या लोखंडाचं पोलाद करायच्या जुन्या भांड्याकडे. पोटाला फुगीर, वर निमुळतं तोंड, काळपट, माणूस शेजारी उभा राहिला तर खुजा दिसेल एवढं भांडं. आमच्या इंडक्शन भट्ट्या त्याच्यापुढे दुधाची पातेली. लोखंडात फॉस्फरस राहिला की माल ठिसूळ होतो, हे मेल्टिंगवरच्या कोणालाही विचारा. पोलाद करायच्या जुन्या बेसेमर पद्धतीत तो जातच नव्हता. थॉमस नावाच्या इंग्रजाने आतलं लायनिंग बदललं, चुना घातला आणि फॉस्फरस स्लॅगमध्ये, म्हणजे वितळलेल्या धातूवरच्या मळीत, ओढून काढला. युरोपच्या मुख्य भूमीवर ही पद्धत सगळ्यात आधी चालवून बघणाऱ्यांत हेच ह्योर्डे होतं, 1879 साली. तो स्लॅग दळून शेतकऱ्यांना खत म्हणून विकायचे. आमच्याकडे स्लॅग म्हणजे ट्रॉली भरून फेकायचा माल. ही म्हणाली, “आता या भांड्यापुढे किती वेळ उभे राहणार?” बराच वेळ राहिलो.

तलावाला लागून एम्शर नदी वाहते, आणि नागपूरकराने तीही बघावी. प्लांटच्या काळात ती इथे जमिनीखालून पाइपातून जायची, आणि एकूणच तिचं गटार झालं होतं. खाणींमुळे जमीन खचायची, त्यामुळे त्या भागात भूमिगत गटारं टाकता येत नसत, सगळं सांडपाणी नदीतच. 1992 पासून काम काढलं आणि 2021 संपता संपता नदीत सांडपाणी सोडणं थांबलं. तलावात तिचं पाणी एरवी येत नाही, मध्ये बांध आहे. पूर आला तर जादा पाणी तलावात घेतात. 23 सप्टेंबर 2023 ला नागपूरचा अंबाझरी तलाव ओसंडून नाग नदीकाठच्या घरांत पाणी शिरलं होतं, ते आठवून मी तो बांध जरा जास्तच निरखून बघितला.

जवळच फिनिक्स-वेस्टला या प्लांटच्या जुन्या ब्लास्ट फर्नेस, म्हणजे खनिजातून लोखंड काढायच्या उंच भट्ट्या, अजून उभ्या आहेत. तिथलं वितळलेलं लोखंड रेल्वेने इकडे यायचं. वर चढून बघायचं असेल तर वाटाड्याबरोबर, आधी नोंदणी करून जावं लागतं, तेव्हा निघण्यापूर्वी चौकशी करा. आमची ती राहिली. उन्हाळ्यातच लेकीने नाव नोंदवलं होतं, पण त्या तारखेला मी सासुरवाडीच्या कार्यालयात साहेबांची वाट बघत बाकावर बसलो होतो.