जुन्या व्हिकारेजच्या भिंतीतली ओल

इंग्लंडच्या डॉर्सेटमधल्या एका खेड्यातलं हे व्हिकारेज, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंचं जुनं घर. विसाव्या शतकात चर्च ऑफ इंग्लंडने अशी कितीतरी प्रशस्त घरं विकली. हेही आता खाजगी मालकीचं, ग्रेड टू वारसा यादीतलं, म्हणजे कायद्याने संरक्षित. पाहणीला गेलो तेव्हा अभ्यासिकेचा गिलावा मीटरभर उंचीपर्यंत फुगलेला होता, खाली लोणा, म्हणजे क्षारांचा पांढरा थर, धरला होता. ओल थांबवायला भिंतीला भोकं पाडून रसायन भरण्याचं दरपत्रक मालकांकडे आलेलंच होतं.

पिनांचा ओलावामापक काटा टोकाला नेत होता. पण तो लाकडासाठी बेतलेला असतो. गिलाव्यातल्या क्षारांनी आकडा फुगतो. म्हणून तीन उंचींवर भिंतीच्या गाभ्यातली भुकटी काढून कार्बाइडने तपासली; पाण्याशी कार्बाइडचा वायू होतो, त्याच्या दाबावरून खरी ओल कळते. जोत्यापाशी खरी ओल होती, वर गाभा जवळपास कोरडा.

कारण बाहेर सापडलं. फुलांचा वाफा आतल्या जमिनीपेक्षा 200 मिलिमीटर वर चढला होता आणि जमिनीच्या फळ्यांखाली हवा खेळवणाऱ्या जाळीच्या विटा मातीखाली गेल्या होत्या. त्यात दरजा, म्हणजे दगडांमधल्या फटी, सिमेंटने भरलेल्या. 450 मिलिमीटर जाडीची ही भरीव दगडी भिंत चुन्याच्या दरजांतूनच वाळते. सिमेंटने ती वाट बंद केली की पाणी दगडातून आणि आतल्या गिलाव्यातून बाहेर पडतं. पुण्यातल्या वाड्यांच्या भिंतींनाही सिमेंटचा गिलावा असाच बाधतो.

जमिनीची फळी उचलली तेव्हा मात्र मला खरी काळजी वाटली. भिंतीत रुतलेल्या वाशाच्या टोकात स्क्रू-ड्रायव्हर सहज शिरला. लाकडात 28 टक्के ओलावा होता. 20च्या वर कुजण्याचा धोका सुरू होतो.

रसायन नको, असं स्पष्ट लिहून दिलं. आधी पन्हळी तपासायच्या, बाहेरची माती आतल्या जमिनीच्या पातळीखाली किमान 150 मिलिमीटर उतरवायची, जाळ्या मोकळ्या करायच्या. सिमेंट हातोडी-छिन्नीनेच काढायचं; ग्राइंडर दगडाच्या कडा खातो. दरज रुंदीच्या दुप्पट खोल मोकळी करून, भिजवून, चुन्याचा लगदा आणि भरड वाळू 1:3 प्रमाणात दाबून भरायची. तापमान 5 अंश सेल्सियसखाली असताना काम करायचं नाही, वर ओलं बारदान टांगायचं. त्याआधी स्थानिक परिषदेच्या वारसा अधिकाऱ्याशी बोलणं आवश्यक. यादीतल्या इमारतीचं स्वरूप विनापरवाना बदलणं 1990च्या कायद्याने फौजदारी गुन्हा आहे.

सुकायला भिंतीच्या जाडीच्या दर इंचाला महिना, हा ढोबळ हिशेब. तोवर आतली भिंत उघडीच ठेवायची आणि नंतर गिलावाही चुन्याचाच करायचा.