आंबोली, भर जुलै आणि दोन लहान पोरं

पोरांना घेऊन जुलैत आंबोलीला चाललोय म्हटल्यावर सासूबाईंनी एवढंच विचारलं, "तिथं बसायला कोरडी जागा तरी मिळंल का?" तेव्हा हसण्यावारी नेलं. तीन दिवस राहून आल्यावर सांगते, मुक्कामाची जागा ठरवताना पहिला प्रश्न हाच विचारा.

आंबोलीची उंची फार नाही, 690 मीटर. पण समुद्रावरून आलेले ढग थेट इथल्या कड्याला येऊन अडतात आणि वर्षाला 7000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, पुण्याच्या साधारण दसपट. त्यामुळे "थांबला की बाहेर पडू" हा बेत तिथं चालत नाही. पाऊस कमीजास्त होतो, एवढंच.

आम्ही चौघं होतो: मी, नवरा, सात वर्षांची थोरली आणि अडीच वर्षांचा धाकटा. मंगळवारी निघून गुरुवारी परत. थोरलीच्या शाळेत पोटदुखीचं सोंग न करता सरळ रजेचा अर्ज दिला, बाईंनीही निमूट घेतला. शनिवार-रविवारी पोरं घेऊन या घाटात जाऊ नका, हे अगदी हात जोडून सांगते. मुख्य धबधबा रस्त्याला लागूनच आहे आणि सुट्टीच्या दिवशी गाड्यांची रांग वळणावळणांत अडकून पडते. अडीच वर्षांच्या पोराला ऐन रांगेत शू लागली की काय होतं ते वेगळं सांगायला नको.

आम्ही कोल्हापूरहून निपाणी, उत्तूर, आजरा या वाटेने गेलो. आजऱ्यापर्यंत सगळं ठीक होतं. तिथं नवऱ्याने मुलांना गरम वडे चारले. "थंडीत गरम बरं असतं." आंबोलीच्या अलीकडच्या वळणांवर थोरलीने ते सगळे वडे परत दिले. कपडे डिकीतल्या मोठ्या बॅगेत, बाहेर धो धो पाऊस. बॅग उघडून फ्रॉक हाती लागेपर्यंत ती, मी आणि बॅगेतले निम्मे कपडे भिजले. तेव्हा प्रत्येक पोराचा एक पूर्ण जोड, टॉवेल, जुनी वर्तमानपत्रं आणि चार-पाच जाड पिशव्या मागच्या सीटवर हाताशी ठेवा. निघण्याआधी तासभर आणि वाटेत फक्त सुकं खाणं: खारी, चुरमुरे, राजगिऱ्याची वडी. गाडी लागण्याचं औषध द्यायचं असेल तर डॉक्टरांकडून वजनाप्रमाणे मात्रा आधीच लिहून घ्या, मोठ्यांच्या गोळीचा अर्धा तुकडा करून देऊ नका. पेट्रोल आजऱ्यातच भरा.

आजऱ्याच्या पुढे धुकं लागलं. पुढच्या गाड्या चारही इंडिकेटर लुकलुकवत चालल्या होत्या. त्यामुळे कोण वळतंय, कोण थांबलंय काहीच कळत नाही. डिपर खाली ठेवून हेडलाइट लावा, इंडिकेटर वळण्यापुरते. गाडीत चौघांचे श्वास आणि ओले कपडे असले की काचा आतून धुरकटतात. थंडी वाजली तरी एसी चालू ठेवून हवा पुढच्या काचेवर सोडा, पोरांच्या अंगावर शाल टाका. आणि धुक्यात कड्याच्या पोटाशी गाडी उभी करून फोटो काढत बसू नका, पावसात वरून दगड सुटतात. हवामान खात्याने सिंधुदुर्गाला ऑरेंज किंवा रेड अलर्ट दिला असेल तर खुशाल बेत रद्द करा. आमचाही आधीच्या आठवड्यातला बेत असाच पुढे ढकलला होता.

आता मुक्काम. फोनवर "गरम पाणी चोवीस तास, जनरेटर आहे" असं ठासून सांगितलेल्या जागी पोचलो तर वीज गेलेली, आणि जनरेटर होता पण त्यात डिझेल नव्हतं. गाद्यांना कुबट वास. एक रात्र कशीबशी काढून दुसऱ्या दिवशी एका घरगुती जागेत हललो. तिथं पाणी बंबात तापत होतं आणि चूल दिवसभर पेटती होती. धाकटा दारात पागोळ्यांखाली हात धरून उभा होता, तर घरच्या मावशी आतून ओरडल्या, "तेका आत घेवन या गो, थंडी लागतली!" मग त्याचे मोजे आणि चड्ड्या त्यांनीच चुलीवरच्या दोरीवर टाकल्या. सगळ्या कपड्यांना दोन दिवस धुराचा वास येत होता, पण वाळले. म्हणून फोनवर व्ह्यू कसा आहे ते विचारू नका. पाणी कशावर तापतं आणि कपडे कुठं वाळतात, हे विचारा.

कपड्यांबद्दल आणखी थोडं. पायापर्यंतच्या झुलीसारख्या रेनकोटपेक्षा जॅकेट-पँटचा जोड बरा, वाऱ्याने उडत नाही. गमबूट फोटोत छान दिसतात, पण एकदा वरून पाणी शिरलं की पोरगं पायात दोन बादल्या घेऊन चालतं. आम्ही दुसऱ्या दिवसापासून मागे पट्टा असलेले सँडल घातले. डायपर घरूनच न्या, लागतील त्याच्या दीडपट, आणि वापरलेले बांधून परत आणा. कापडी लंगोटाचा नाद सोडा. बूट भिजले तर रात्री आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून ठेवा, सकाळपर्यंत निम्मं काम होतं.

खाण्याची मात्र चंगळ झाली. धाकट्याचं पोट पहिल्या रात्री जरा बिघडलं होतं, तर मावशींनी उकड्या तांदळाची पेज दिली, वर चमचाभर तूप. घरी भात तोंडातून भुर्रकन उडवणारा हा गडी दोन वाट्या प्यायला. पिण्याचं पाणी उकळूनच घेतलं. औषधांच्या डब्यात ओआरएस, तापाचं औषध आणि थर्मामीटर एवढं हवंच. मोठ्या दवाखान्याची वेळ आली तर सावंतवाडी गाठावी लागते, घाट उतरून साधारण तीस किलोमीटर.

फिरण्याचं म्हणाल तर आमच्या यादीत आठ जागा होत्या, पाहिल्या तीन. मुख्य धबधब्यावर सकाळी साडेसातला गेलो तेव्हा आम्ही, एक चहावाला आणि माकडं. पायऱ्यांवर शेवाळ असतं. धाकट्याला पाठीवर न घेता पुढे कॅरिअरमध्ये बांधलं, म्हणजे एक हात कठड्यावर ठेवता आला. खालूनच तुषार पुरे झाले. पाण्यात कुणालाच उतरवलं नाही, तुम्हीही उतरवू नका.

कावळेसादला वाऱ्यामुळे दरीतलं पाणी उलटं वर उडतं. आम्हाला मात्र पांढऱ्या भिंतीपलीकडे काही दिसलं नाही. अर्धा तास थांबून मक्याचं कणीस खाल्लं आणि परतलो. इथं पोरांचा हात क्षणभरही सोडू नये. धुक्यात कडा कुठं संपतो ते मोठ्यांनाही कळत नाही.

हिरण्यकेशी मात्र मुलांची जागा. नदी गुहेतून उगम पावते, पुढे महादेवाचं देऊळ, आणि तिथवर सावकाश चालत जायची वाट. इथल्या कुंडात 2020 साली माशाची एक नवी जात नोंदवली गेली, तिला नदीचंच नाव दिलंय, आणि पुढच्या वर्षी ही जागा जैवविविधता वारसा स्थळ झाली. थोरली मासा शोधत पाण्याकडे वाकून बसली होती. परतताना तिच्या पोटरीवर जळू सापडली. तिच्याआधी मीच किंचाळले. ओढून काढू नका. तोंडाजवळ नख आडवं सरकवलं की सुटते. रक्त बराच वेळ वाहतं, कारण ते गोठू नये असं काहीतरी जळू सोडते. साबणाने धुऊन कापूस दाबून धरा. मोज्यांत पँट खोचली असती तर हे टळलं असतं.

आंबोलीला पोरं न्यावीत ती खरं तर रात्रीसाठी. स्थानिक वाटाड्या घेऊन जेवणानंतर तासभर बाहेर पडलो. स्वतःच्या भरवशावर जाऊ नका, इथं चापडा नावाचा विषारी साप झुडपांत अगदी फांदीसारखा बसलेला असतो. आम्ही डांबरी रस्ता सोडलाच नाही. एका डबक्यावर वाकलेल्या फांदीला पानांत गुंडाळलेला फेसाचा गोळा लटकत होता, साबणाचा असावा तसा. वाटाड्याने बॅटरी बाजूला धरून दाखवलं: मलबारच्या उडत्या बेडकाचं घरटं. अंडी त्या फेसात, पिल्लं तयार झाली की टपटप खाली पाण्यात. आणि हातभर अंतरावर तो स्वतः, पोपटी हिरवा, बोटांमधले पडदे लालसर. थोरली कुजबुजली, "आई, याला रेनकोट लागत नाही." धाकटा कडेवर झोपला होता. पुढे जांभ्या दगडावर आंबोली टोड दिसला, फक्त याच भागात सापडणारा, मुठीत मावेल एवढा. हात लावायचा नाही आणि फ्लॅश मारायचा नाही, एवढे दोन नियम आधीच पढवून न्या.

गुरुवारी घाट उतरून सावंतवाडीला गेलो. मुंबईकरांना कोकण रेल्वेने सावंतवाडी रोडला उतरून वर येता येतं, फक्त पावसाळी वेळापत्रक वेगळं असतं ते पाहून तिकीट काढा. चितारआळीत लाकडी खेळणी घेतली. थोरलीला बेडूक हवा होता. दुकानदाराने आंबा दाखवला, केळी दाखवली, वांगंही दाखवलं. शेवटी तिने हिरवी मिरची घेतली आणि गाडीत तिला लाल स्केचपेनने बोटं काढली.

परतीला घाट दुपारी चारच्या आत चढा, त्यानंतर धुकं दाटतं. आम्हाला साडेपाच वाजले, आणि आजऱ्यापर्यंत नवऱ्याने कुणालाही वडे खाऊ दिले नाहीत.