गच्चीवरचं पहिलं खत
आज सकाळी गच्चीवरच्या काळ्या ड्रमचं झाकण उघडलं आणि लई भारी वाटलं, पहिल्या पावसानंतर येतो ना तसा मातीचा वास! झाकणाला काच लावलीय, उन्हानं आत चांगलंच तापतं, मध्ये एकदा थर्मामीटर 58 अंश दाखवत होता, 55 च्या वर तीनेक दिवस राहिलं की रोगजंतू आणि तणाचं बी बऱ्यापैकी मरतं. मध्यंतरी घाण वास सुटलेला, ओलं जास्त झालेलं, मग शिरोळकडनं उसाचं पाचट आणून बारीक करून घातलं, वरखाली केलं, दोन दिवसात वास गेला. आता भाजीची देठं, चहाचा चोथा, कशाचा पत्ता नाही, अंड्याची टरफलं तेवढी दिसतात. आई मूठभर हातात घेऊन कितीतरी वेळ बघत होती, म्हणाली पहिलं जास्वंदीला घाल. दुसरा ड्रम आजच भरायला घेतलाय, कोल्हापुरात एकदा पाऊस लागला की ऊन कुठलं मिळतंय.