डेल्टिकच का? तुम्ही विचारलंत म्हणून

पुण्याचे नातेवाईक व्हिडिओ कॉलवर विचारतात, इथल्या मॉडेल क्लबातले म्हातारे चहाच्या वेळी विचारतात, प्रदर्शनात तर दर तासाला कोणीतरी विचारतंच. घोरपडीच्या डिझेल शेडमधल्या फिटरचा मुलगा तू, मग तुझ्याकडे आपल्या रेल्वेच्या डब्ल्यूडीएम-टू या डिझेल इंजिनाचं मॉडेल का नाही? ब्रिटिश रेल्वेचं डेल्टिक कशाला? आणि तेही असं, अर्धं मळकं, अर्धं चकचकीत, नंबरातला शेवटचा आकडा उडालेलं?

इतकी वर्षं माझं ठरलेलं उत्तर होतं : वल्कन फाउंड्री. 1853 साली बोरीबंदर-ठाणे पहिली गाडी ओढणारी इंजिनं इंग्लंडात न्यूटन-ल-विलोजच्या याच कारखान्यात घडली, आणि 1961-62 मध्ये बावीसच्या बावीस डेल्टिकही तिथेच. म्हणजे बघा, नातं जुनं आहे! लोक खूश होतात, मान हलवतात, पुढच्या टेबलाकडे जातात. माहिती खरी आहे. पण ती मला मॉडेल विकत घेतल्यावर चार वर्षांनी कळली. तेव्हा ते कारण नव्हे, वकिली आहे.

दुसरं उत्तर आवाजाचं. तेही पूर्ण खरं नाही. डेल्टिकची शेवटची गाडी 2 जानेवारी 1982 ला धावली, तेव्हा मी पुण्यात बालवाडीत होतो. लंडन-एडिंबरा मार्गावर ताशी शंभर मैलांनी धावताना मी ते कधी पाहिलं नाही. यॉर्कच्या रेल्वे संग्रहालयात एक उभं होतं, ते मुकं. आवाज ऐकला तो नंतर, जतन केलेल्या एका डेल्टिकचा. आत दोन इंजिनं, मूळ आरमाराच्या वेगवान बोटींसाठी बेतलेली. प्रत्येकात 18 सिलिंडर आणि एकेका सिलिंडरमध्ये समोरासमोर दोन पिस्टन. सिलिंडरची मांडणी त्रिकोणी आणि त्रिकोणाच्या तिन्ही कोपऱ्यांवर क्रँकशाफ्ट, म्हणजे पिस्टनच्या ये-जा करण्याने फिरणारे दांडे. दोन्ही मिळून 3300 अश्वशक्ती, आणि सगळ्याचं वजन शंभर टनांच्या आसपास. डब्ल्यूडीएम-टू त्याहून जड, तरी 2600. वडिलांना, म्हणजे अण्णांना, फोनवर सांगितलं, तर पलीकडे थोडा वेळ शांतता. मग म्हणाले, "तीन क्रँकशाफ्ट? म्हणजे फिटरचं मरण."

आता खरं सांगतो. डब्ल्यूडीएम-टू म्हणजे माझ्या डोळ्यांसमोर अण्णांचे हात येतात. नखांत बसलेलं काळं, रविवारी रॉकेलने पुसून, साबणाने घासूनही न जाणारं. ते इंजिन शेल्फवर ठेवून त्याच्याशी खेळायची माझी छाती नाही. डेल्टिकचं आमच्या घराशी काही देणंघेणं नव्हतं, म्हणून ते चाललं. बेचाळिशीच्या माणसाने खेळणं निवडायला हे कारण पुरेसं आहे की नाही, मला माहीत नाही.

पण तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग, ते असं अर्धवट का, त्याचं उत्तर वेगळं आहे.

माझं मॉडेल 55003, नाव मेल्ड. (अण्णा पहिल्यांदा नाव ऐकून म्हणाले, "मेलं काय नाव आहे हे!" ते एका घोडीचं नाव आहे म्हटल्यावर आणखीच हसले. लंडनच्या फिन्सबरी पार्क शेडची डेल्टिक शर्यतीच्या घोड्यांच्या नावांची होती.) शहात्तरास एक हे प्रमाण, लांबी 28 सेंटिमीटर. निळं अंग, पिवळी तोंडं, आणि केबिनच्या खिडक्यांभोवती पांढरी चौकट. ही चौकट फिन्सबरी पार्कवाल्यांची स्वतःची हौस. आपली इंजिनं लांबून ओळखू यावीत म्हणून शेडने केलेली.

हे सगळं मी अण्णांना कौतुकाने सांगितलं होतं. तिथेच चुकलं.

ते इकडे आले होते त्या उन्हाळ्यात मी मेल्डचं वेदरिंग करत होतो. म्हणजे नवीन मॉडेलवर हाताने काजळी, गंज, तेलाचे ओघळ चढवायचे, गाडी खरंच राबलेली वाटावी म्हणून. सहा आठवडे, रोज रात्री. छतावर एअरब्रशने धूर, जाळ्यांत पातळ इनॅमल रंग, खालच्या चाकांच्या चौकटींवर तांबूस भुकटी. डेल्टिक बराच वेळ मंदगतीने चालू राहिलं की एक्झॉस्टमध्ये तेल साचतं आणि गाडी सुटताना धुराचा लोट उठतो. त्याचे डाग कुठे पडतील, हे मी जुने फोटो बघून ठरवलं होतं. हे सगळं पक्कं बसावं म्हणून वरून मॅट वॉर्निश मारायचं तेवढं राहिलं होतं.

एका गुरुवारी ऑफिसातून आलो तर स्वयंपाकघरात सिंकशेजारी वर्तमानपत्रावर मेल्ड उलटं वाळत होतं. बाजूला अण्णांचा दाढीचा ब्रश, भांड्यांचा साबण आणि माझ्या गॅरेजमधली टर्पेंटाइनची बाटली. एक बाजू नव्यासारखी लखलखीत. 55003 मधला 3 पुसला गेलेला. धातूची नावाची पट्टी निघाली होती, ती त्यांनी हरवू नये म्हणून स्टीलच्या वाटीत जपून ठेवली होती. दुसरी बाजू करायची राहिली होती, कारण जेवायची वेळ झाली.

मी ओरडलो. काय काय बोललो ते इथे लिहिणार नाही. "तुम्हाला यातलं काय कळतं" हे वाक्य त्यात होतं. एकतीस वर्षं डिझेल शेडमध्ये काढलेल्या माणसाला.

अण्णा चिडले नाहीत. एवढंच म्हणाले, "अरे, त्या लोकांनी खिडक्या हौसेने पांढऱ्या रंगवल्या असं तूच सांगितलंस ना? मग त्यांचं इंजिन असं काळं कोण बाहेर सोडेल?" आणि थोड्या वेळाने, "घाण लावायला पण पैसे मोजतोस तू?"

माझी बाजू अजूनही मला बरोबर वाटते. कुठलंही इंजिन रोज शेकडो मैल धावून स्वच्छ राहत नाही, फोटो आहेत. चूक फक्त वॉर्निश न मारल्याची. पण तेव्हाच्या मला आज कोणी विचारावं, बाबा रे, तुझी अचूकता तेवढी काजळीपुरतीच का? तुझ्या दोन रुळांमधलं अंतर 16.5 मिलिमीटर, या प्रमाणात ते 18.83 हवं, म्हणजे तुझं मेल्ड आयुष्यभर अरुंद रुळांवर धावतंय. त्यावर तू कधी कोणावर ओरडलास? मग मी म्हणतो, ते सगळेच चालवून घेतात. आणि मग मलाच ते उत्तर पटत नाही.

आकडा परत लावायला दहा मिनिटं लागतील. ट्रान्सफरची, म्हणजे चिकटवायच्या आकड्यांची, शीट ड्रॉवरमध्ये आहे. मळकी बाजू धुवायची की धुतलेली मळवायची, हे ठरत नाही म्हणून ती तशीच पडून आहे. पट्टी अजून त्या वाटीत आहे. अण्णा फोनवर हवा-पाण्याचं विचारून झालं की विचारतात, "खिडक्या पांढऱ्या आहेत ना?" मी आहेत म्हणतो. दुसऱ्या बाजूच्या खिडक्या करड्या आहेत, ते काही मी त्यांना सांगत नाही.

पुढच्या महिन्यात पुन्हा प्रदर्शन आहे. तिथे भेटून विचारलंत तर मी वल्कन फाउंड्रीचंच सांगणार.